वाचल्याशिवाय सही नाही

पांढरीपांडेकाकांच्या कागदावर कुणी चटकन सही करायला निघालं की त्यांचा चेहरा पडायचा. घरोघर सह्या गोळा करत हिंडणारा माणूस, आणि सही मिळतेय म्हटल्यावर नाराज. समोरच्यानं पेन उचललं की काका क्लिपबोर्ड छातीशी धरणार आणि विचारणार, "वाचलंत?" तो बिचारा म्हणणार, "काका, तुम्ही आणलंय म्हणजे चांगलंच असणार." झालं. त्या माणसाची पुढची वीस मिनिटं गेलीच म्हणून समजा. आणि मी बाहेर गाडीत, एसी लावून, फ्रीजमधली मळलेली कणीक आता काळी पडली असणार ह्या विचारात.

गाडीत मी का, तेही सांगते. मी डब्लिनला आले ती नवऱ्याच्या, मिलिंदच्या व्हिसावर. हे ओहायोतलं डब्लिन, कोलंबसच्या अंगाला. मिलिंद एका इन्शुरन्स कंपनीच्या प्रोजेक्टवर होता आणि मला कामाची परवानगी नव्हती. नाशिकला कॉलेजात स्टॅटिस्टिक्स शिकवणारी मी, इथे येऊन डिशवॉशर भरायचा आणि रिकामा करायचा एवढंच करत होते. समोरच्या घरात पांढरीपांडे राहायचे. काका नागपूरचे, धरमपेठेतले. पंप बनवणाऱ्या कंपनीत आयुष्य काढून रिटायर झालेले. काकूही नागपूरच्याच, सुमतीकाकू. दोघं कधीच सिटिझन झालेले, मुलगी सिअॅटलला. आम्ही सामान लावत होतो त्याच आठवड्यात काका दारात उभे राहिले, हातात एकावर एक तीन क्लिपबोर्ड.

"सिटिझन आहे का?"

"नाही, काका."

"ग्रीन कार्ड?"

"अजून नाही."

"मग काय करून राहिली इथे?" असं म्हणून थोडा विचार केला आणि म्हणाले, "गाडी चालवता येते?"

येत होती. डोळ्यांमुळे डॉक्टरनं काकांचं ड्रायव्हिंग बंद केलं होतं. अशा रीतीनं मी ओहायो राज्याच्या कायद्याच्या कामाला लागले, बिनपगारी.

ओहायोत अशी सोय आहे की कायदेमंडळ एखादी गोष्ट करत नसेल तर लोकांनी स्वतः कायदा लिहायचा, ठरलेल्या इतक्या मतदारांच्या सह्या जमवायच्या आणि तो मतदानाला ठेवायला लावायचा. त्या वर्षी आरोग्याचं काम करणाऱ्या काही संस्थांनी एक कायदा लिहिला होता: जिथे माणसं नोकरी करतात तिथे, म्हणजे ऑफिस, कारखाना, रेस्टॉरंट, बार, सगळीकडे आत सिगरेट ओढायला बंदी. काका त्याचे स्वयंसेवक. ह्या सोयीवर त्यांचा इतका जीव की दुसरा कुणी नातवंडांचे फोटो दाखवील तशा कौतुकानं हे तिच्याबद्दल सांगायचे. "नागपुरात आमदाराच्या दारात बसावं लागते बाप्पा. इथे आपणच लिहायचं."

तीन क्लिपबोर्ड अशासाठी की एका कागदावर एकाच काउंटीतल्या, म्हणजे जिल्ह्यातल्या, मतदारांच्या सह्या चालतात, आणि आमचं डब्लिन पसरलंय तीन काउंट्यांत. कुणाचं घर एकीत, शेजाऱ्याचं दुसरीत. काकांनी तिन्हींना तीन रंगांची रबरबँडं लावलेली. कुणी भेटलं की नाव विचारायच्या आधी पत्ता विचारणार. पार्टीत नव्या जोडप्याची ओळख करून द्यावी तर काका तंद्रीत म्हणायचे, "म्हणजे हिरवं." ती पोरगी आपल्या साडीकडे बघायची.

हे सगळं मी सोसलं असतं. पण ते वाचन. त्या कागदावर कायद्याचा पूर्ण मजकूर छापलेला असे, बारीक अक्षरात, कलमं, पोटकलमं. लोकांना तो वाचावा लागत नाही, नुसता तिथे असावा लागतो. काकांचं म्हणणं, असावा लागतो म्हणजे वाचावा लागतो. कुणी म्हणालं इंग्रजी किचकट आहे, तर हे उभ्या उभ्या मराठीत सांगणार. गुजराती असेल तर हिंदीत. पार्किंग लॉटमध्ये आइस्क्रीम वितळतंय, पोरं रडताहेत, आणि काका चौथ्या कलमावर.

एकदा वैतागून मी विचारलं, "काका, तुम्हाला सह्या हव्यात की परीक्षा घ्यायचीय?"

"असं बघ," ते शांतपणे म्हणाले, "आमदार न वाचता हात वर करतो म्हणून तर आपण रस्त्यावर आलो. आपणही न वाचता सही केली तर फरक काय राहिला? सहीचं काय, कोंबडीचा पाय शाईत बुडवला तरी उठते."

मुद्दा बरोबर असला की माणूस जास्तच डोक्यात जातो.

आपली माणसं तर काकांच्या नियमाला जन्मतःच उलट. पिकनिकला डॉक्टर सरनाईक भेटले, हार्टचे मोठे डॉक्टर, तीस वर्षं इथे. त्यांनी कागद ओढून झोकात सही केली, खालच्या ओळीत बायकोची केली, आणि त्याच्या खाली क्लीव्हलंडला असलेल्या मुलाची करायला लागले. काकांनी हात धरला.

"अरे, आमच्या घरात सगळ्यांच्या मीच करतो," डॉक्टर म्हणाले.

काका वळले. मिसेस सरनाईक भेळेची प्लेट घेऊन शेजारीच उभ्या होत्या. "वहिनी, तुम्हाला सही येते का?"

"येते की," त्या म्हणाल्या.

"मग करा. आधी वाचा."

वहिनींनी चष्मा आणला नव्हता. डॉक्टरांचा चेहरा लाल. काकांनी खिशातून पट्टी काढली. पट्टी कायम खिशात असायची. बायकोच्या नावावर सरळ रेघ मारली, मुलाच्या अर्ध्या नावावर मारली, आणि मग म्हणाले, "डॉक्टर, तुम्हीही वाचलं नाहीच की." तिसरी रेघ. आले तसे एकही सही न घेता परत. घरी येताना गाडीत मला सांगतात, "दिवस चांगला गेला."

आता काकूंचं. हे सगळं चाललं होतं ते काकूंसाठी, हे सगळ्या डब्लिनला माहीत होतं. काकूंनी आयुष्यात सिगरेट हातात धरली नव्हती, आणि त्यांची फुप्फुसं बघून डॉक्टरनं पहिला प्रश्न विचारला तो, दिवसाला किती पाकिटं ओढायचात. मी त्यांना ओळखायला लागले तेव्हा दोन पायऱ्या चढल्या की बसायच्या, पुढे नाकाला ऑक्सिजनची नळी आली. सगळा दोष त्या हॉलचा. जुन्या सैनिकांचा एक क्लब होता, त्याच्या हॉलमध्ये दर शनिवारी बिंगो, म्हणजे आपला हाऊझी, चालायचा. काकू नव्या नव्या अमेरिकेत आल्या, बर्फात एकट्या, काका पंपाच्या कारखान्यात. शेजारच्या डोरिस नावाच्या बाईनं त्यांना एका शनिवारी उचलून तिथे नेलं. काही वर्षांत काकूच माइकवर बसून बिंगोचे आकडे पुकारायला लागल्या. पगार नाही. तिथे कुणालाच नव्हता, सगळे हौसेनं करायचे. छत बुटकं, खिडक्या बंद, आणि प्रत्येक टेबलावर ॲशट्रे. किती शनिवार त्या धुरात बसल्या ते देवाला माहीत.

"सोडायचं होतं ना," काका चिडून म्हणायचे.

"सोडून कुठे जायचं होतं?" काकू विचारायच्या.

आणि अशा ह्या काकूंची सही काकांच्या कागदावर नव्हती. का? तर त्या वाचेनात. "द्या इकडे, करते," त्या म्हणायच्या. काका म्हणायचे, "आधी वाच." "अहो, तुम्ही झोपेतही तेच बडबडता, मला पाठ आहे." "पाठ असणं वेगळं." मग त्या पेन खाली ठेवायच्या. मी दोघांच्या हातापाया पडले. काकांना म्हटलं, घरच्या माणसाला कसला नियम? तर म्हणे, "तिच्यासाठी सोडला तर बाकीच्यांना कोणत्या तोंडानं सांगू?" काकूंना म्हटलं, नजर फिरवल्यासारखं करा. तर म्हणे, "मी खोटं काहून करू?" दोघं एकमेकांना पुरून उरणारी.

त्या वर्षीच्या गणपतीत व्हायचं ते झालं. मंडळानं शाळेचा कॅफेटेरिया घेतला होता. काकांनी चपलांच्या रांगेशेजारी टेबल मांडलं आणि आरतीनंतर डायबिटीसची गोळी घ्यायला पाणी आणायला गेले. आमचा मंडळाचा अध्यक्ष शिरीष, मनानं फार चांगला मुलगा. त्याला काकांची दया आली. त्यानं एक क्लिपबोर्ड उचलला आणि जेवणाला किती माणसं आहेत त्याचा कागद आम्ही जसा रांगेतून फिरवतो तसा फिरवून दिला. पोरांचे नाच चालले होते. लोकांनी नाच बघता बघता सही करून पुढे दिला. व्हिसावरच्या पोरांनी केली, भारतातून बाळंतपणाला आलेल्या दोन आयांनी केली, मराठीत. काका परत आले तर शिरीषनं भरलेला कागद हातात ठेवला.

"घ्या काका. तुम्हाला महिना लागला असता."

काकांनी चष्मा लावला. वरून खाली नाव अन् नाव वाचलं. "खाली मला लिहून द्यायचंय की ह्या सगळ्या माझ्यासमोर झाल्या."

"मग द्या की. यार काका, कोण बघतंय?"

"मी."

एवढंच बोलले आणि पट्टी काढली. पहिल्या नावापासून रेघा मारायला सुरुवात. शिरीष दुखावला, आवाज चढला, की मंडळाची माणसं तुमच्यासाठी एवढं करतात आणि तुम्ही. काकांनी मान वर केली नाही. रेघ मारत मारत म्हणाले, "ह्यात वर लिहिलंय, मी नोंदलेला मतदार आहे. ह्या पोरांनी त्याच्याखाली सही ठोकली. उद्या ग्रीन कार्डच्या वेळी कुणी हा कागद काढला तर तू जाशील का त्यांच्याबरोबर?"

तेव्हा मी वाकून बघितलं. सातव्या-आठव्या ओळीत आमचा मिलिंद. गाडीत बसल्यावर मी त्याला जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. तो आपला एकच म्हणत राहिला, "काकांना नाही कसं म्हणायचं?" अरे, पण काका तिथे नव्हतेच. पुढच्या वर्षी मंडळानं काकांना टेबल लावू दिलं नाही.

इतकं करून सह्या पुरल्या, अर्थात राज्यभरच्या. काकांच्या त्यात मूठभर. वाटलं सुटले. कसली सुटते. नियम असा, की सह्या दिल्यावर कायदेमंडळाला चार महिने द्यायचे, त्यांनी काही केलं नाही तर पुन्हा रस्त्यावर यायचं, पुन्हा सह्या. कायदेमंडळानं काही केलं नाही. उन्हाळ्यात काका पुन्हा दारात. मी म्हटलं, "काका, हा कायदा केला कोणी, सह्या दोनदा घ्यायचा?"

"लोकांनीच," ते म्हणाले. खूश होते.

त्या उन्हाळ्यात आणखी एक गंमत. सिगरेटवाल्यांनी बारमधली सिगरेट चालू ठेवणारा आपलाही एक प्रस्ताव बाजारात आणला होता, नाव असं गोंडस की ऐकणाऱ्याला वाटावं तोच हा. लायब्ररीच्या एका दाराशी आम्ही, दुसऱ्या दाराशी त्यांची पगारी बाई, टोपी घातलेली, भराभर कागद भरत होती. आमच्या ओळखीचं एक जोडपं हात हलवत आलं. "काका, तुमच्या कायद्यावर केली हो सही. त्या बाईंकडे केली, इथे गर्दी नको म्हणून."

इथे गर्दी म्हणजे काका आणि मी.

मला वाटलं आता काका त्यांना फाडून खातील. ते बाकावर बसले. मग उठून त्या टोपीवाल्या बाईकडे गेले आणि तिचा कागद मागून घेऊन पूर्ण वाचला. ती म्हणाली, सही करणार का? हे म्हणाले, नाही, पण वाचायला दिल्याबद्दल आभार. मला तर वाटलं दोघांनाही तिथेच सोडून निघून जावं.

ऑगस्टमधली एक दुपार. काकूंना आता बाहेर जाणं होत नव्हतं. मी भाजी घेऊन गेले होते आणि आम्ही दोघी गवार मोडत बसलो होतो. काका समोर, क्लिपबोर्ड साफ करत. काकू एकदम म्हणाल्या, "आणा, वाचा. मला अक्षर दिसत नाही आता, वाचून दाखवा. तुमची हौस होऊन जाऊ द्या."

काकांनी चष्मा पुसला. सुरुवातीपासून वाचायला लागले, एक वाक्य इंग्रजी, एक मराठी. काकू शेंगा मोडत होत्या. मधे खोकला आला की काका थांबायचे, ओसरला की त्याच शब्दापासून पुढे. सूट कुणाकुणाला आहे त्याचं कलम आलं. तंबाखूचं दुकान. घर. मग खासगी क्लब, जिथे फक्त सभासद येतात आणि पगारी नोकर कुणी नाही.

"थांबा," काकू म्हणाल्या. "पुन्हा वाचा ते."

काकांनी पुन्हा वाचलं.

"पगारी नोकर नाही म्हणजे? आमच्या हॉलात कुठे कुणाला पगार आहे? डोरिसला नाही. मला नव्हता."

काकांनी त्या ओळीवर बोट ठेवलं.

"म्हणजे आमचा हॉल ह्याच्यात नाहीच."

काकांनी कागद डोळ्यांजवळ नेला. मी त्यांच्याकडे बघत होते. हे कलम त्यांनी त्या उन्हाळ्यात आणि आधीच्या उन्हाळ्यात किती माणसांना ऐकवलं असेल. मी स्वतः गाडीच्या काचेतून ऐकलं होतं, कंटाळून, पाठ होईपर्यंत. आमच्यातल्या एकालाही ते ऐकू आलं नव्हतं.

"सुमती," शेवटी म्हणाले, "पहिल्या खेपेला सगळं मिळत नसते. काहीतरी सोडावं लागते, नाही तर पास होत नाही."

"सोडावं लागतं हे मला कळतं हो. पण सोडलं कुणाला ते बघा." काकूंना दम लागला, त्यांनी श्वास घेतला. "पगारी बाईला धूर लागायला नको. फुकट राबणारीला लागला तर चालेल. ह्याच्यावर मी सही करू?"

"अगं, पण तुझ्यासाठीच तर..."

"मी कुठे काय म्हणते. तुम्हीच म्हणता ना, वाचा आणि मग ठरवा. वाचलं. ठरवलं." आणि त्यांनी पुढची शेंग उचलली.

मला रडू आलं आणि रागही आला, आणि राग कुणाचा तेही धड कळेना. मीही त्या देशात फुकटच राबत होते, म्हणून असेल. काका उठून आत गेले. स्वयंपाकघरात पाण्याचा नळ बराच वेळ चालू होता.

दुसरा एखादा माणूस असता तर त्यानं क्लिपबोर्ड टाकून दिले असते. काकांनी टाकले नाहीत. पण आता त्या कलमाशी आले की थांबायचे आणि समोरच्याला बोटानं दाखवायचे, "हे बघा, इथे भोक आहे. ह्याच्यातून माझी बायको पडली." ज्यावर सही मागतोय त्याचीच खोड दाखवणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. लोक पेन ठेवून निघून जायचे. मोहिमेच्या ऑफिसातून एका बाईचा गोड आवाजात फोन आला, की आपण थोडे दिवस विश्रांती घ्यावी. काकांनी तिला विचारलं, तुम्ही वाचलंय का.

नोव्हेंबरात मतदान झालं. काकूंना व्हीलचेअरवर नेलं. दोघांनी शेजारशेजारच्या मशीनवर मत दिलं. काय दिलं ते काकांनी विचारलं नाही, काकूंनी सांगितलं नाही. कायदा पास झाला. सिगरेटवाल्यांचा प्रस्ताव पडला. रेस्टॉरंटात शिरल्यावर कपड्यांना वास येईनासा झाला, सगळे आनंदले, आणि शिरीष सगळं विसरून काकांना शाल द्यायला घरी आला. काकांनी शाल घेतली, चहा दिला.

काकू पुढच्या वसंतात गेल्या. बिंगोच्या बायका आल्या होत्या, फॉइलनं झाकलेली भांडी घेऊन, कोटांना धुराचा वास. डोरिस ऐंशीच्या पुढची, काठी टेकत आली आणि काकांचा हात धरून बसली. काका नीट बोलले, सगळ्यांना दारापर्यंत पोचवलं, आणि मग घरातल्या सगळ्या खिडक्या उघडल्या. बाहेर अजून बर्फ होतं.

मला वाटलं, संपलं. महिनाभरात दारात उभे. तीन क्लिपबोर्ड. ह्या वेळी मजकूर स्वतः लिहिलेला, अर्धं पान. क्लबांची ती सूट काढून टाका, पगार असो की नसो.

"काका, अख्ख्या राज्यात सह्या लागतात. दोनदा. त्या संस्थांकडे ऑफिसं होती, माणसं होती."

"माझ्याकडे तू आहेस," ते म्हणाले. मी चावी घेतली. दुसरं काय करणार.

ह्या वेळी आपल्या माणसांनी रांग लावली. काकू गेल्या होत्या ना. "काका, द्या इकडे, करतो सही, तुम्हाला बरं वाटेल." काका क्लिपबोर्ड छातीशी धरून परत. "कीव करून राहिले माझी," गाडीत म्हणाले. महिने गेले, कागद जवळजवळ कोरेच. मी बोलायचं ते बोलले. तोंडाला येईल ते बोलले. म्हटलं, काकूंच्या नावानं एक बाक ठेवा बागेत, एक झाड लावा, लोक करतात तसं काहीतरी करा. ते सगळं ऐकून घेऊन म्हणाले, "हॉलवर घेऊन चल. शनिवार आहे."

त्या हॉलमध्ये मी पहिल्यांदाच जात होते. कायदा होऊन वर्ष होत आलं होतं, बाहेर सगळीकडे हवा स्वच्छ, आणि इथे दार उघडलं तर डोळे चुरचुरले. म्हाताऱ्या बायका, दोनचार म्हातारे, प्रत्येकाच्या पुढ्यात बिंगोची कार्डं आणि जळती सिगरेट. माइकवर कुणी दुसरीच बाई. काकांना बघून पुकारणं थांबलं. ते सरळ डोरिसच्या टेबलापाशी गेले, क्लिपबोर्ड ठेवला, पेन ठेवलं. नेहमीसारखं म्हणाले, "आधी वाच."

डोरिसनं वाचलं. ओळीखाली बोट धरून, ओठ हलवत. एका हातात सिगरेट. एक ओळ कळली नाही ती विचारली, काकांनी सांगितली, ती पुन्हा मागे गेली आणि पहिल्यापासून वाचलं. एवढ्या सगळ्या महिन्यांत त्या कागदांकडे खरं लक्ष दिलेली माणसं मी दोनच पाहिली, एक ऐकणाऱ्या काकू आणि दुसरी ही. मी मनात म्हणत होते, कर गं बाई सही, कर एकदाची.

तिनं पेन काकांच्या बाजूला सरकवलं.

"नाही," ती म्हणाली. "हा आमचा हॉल आहे. इथे कसं बसायचं ते राज्यानं सांगायचं नाही. सूनंसुद्धा कधी सांगितलं नाही." काकूंना तिथे सू म्हणायचे.

"तिनं सांगायला हवं होतं," काका म्हणाले.

"हो," डोरिस म्हणाली. "सांगायला हवं होतं. आम्ही ऐकलं असतं."

तिनं हातातली सिगरेट ॲशट्रेत दाबली. शेजारच्या बाईनं तिच्याकडे पाहिलं आणि आपली विझवली. मग पलीकडच्या टेबलावर. कुणी काही ठरवलं नव्हतं, पण हळूहळू सगळ्या हॉलभर तेच झालं. एका म्हाताऱ्यानं उठून, जोर लावून, खिडकी उघडली. डोरिसनं काठीनं शेजारची खुर्ची ओढली आणि काकांना बसायची खूण केली.

काका बसले. मी वाकून त्यांच्या कानाशी म्हटलं, "काका, झालं ना. बघा, कायद्याशिवाय झालं."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी अजून काहीच शिकले नाही.

"हे मी बसलोय म्हणून," ते मराठीत म्हणाले. "मी उठलो की?"

कोटाची बटणं काढून त्यांनी तो खुर्चीच्या पाठीला लावला. डोरिसनं एक कार्ड त्यांच्या पुढ्यात सरकवलं, त्यांनी चष्मा लावून त्याच्या मागचे नियम वाचायला घेतले. आकडे पुन्हा सुरू झाले. मी मिलिंदला फोन करून सांगितलं की जेवायला थांबू नकोस. हॉल बंद होईपर्यंत काका उठले नाहीत.